दोर नसलेली लिफ्ट

सातारा, ६ मे १९९६

चि. अनंत यास अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचे कारण एकच. काल मला लिफ्ट तपासनीस कार्यालयाची नोटीस आली. सांगलीच्या घरावर तुझ्याबरोबर माझेही नाव आहे, म्हणून एक प्रत तुला आणि एक मला. मजकूर असा: "आपल्या मालकीच्या घरात विनापरवाना लिफ्ट उभारून चालविली जात असल्याची तक्रार आहे. गेल्या महिन्यात एका दुपारी सुमारे चाळीस मिनिटे मोटरचा मोठा आवाज येत होता. तीस दिवसांत लेखी खुलासा करावा."

मी बत्तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. या काळात मी पुष्कळांकडून खुलासे मागितले. माझ्याकडून मागितलेला हा पहिला.

तेव्हा उलट टपाली कळव. घरात लिफ्ट आहे का? असल्यास दुमजली घरात ती कशाला? चाळीस मिनिटे काय चालले होते? आणि मुख्य म्हणजे तीत कोण बसते? लीलाला आठ वर्षे संधिवात आहे, तिला एक पायरी चढवत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच विचारते. तिला तू कशात बसवलेस?

तुझी,
ताई

*

सांगली, ११ मे १९९६

ती. ताईस सा. नमस्कार वि. वि.

तुझे पत्र मिळाले. काळजीचे कारण नाही. सगळे सांगतो.

कारखान्यात तीस वर्षे मी व्हॅक्यूम पॅनवर काढली, हे तुला माहीत आहे. पॅनमधली हवा काढून घेतली की उसाचा रस कमी उष्णतेवर उकळतो आणि साखर काळी पडत नाही. निवृत्त झाल्यावर मनात आले, हवा काढून साखर होते, तर माणूस वर का जाणार नाही? आष्ट्याच्या एका वर्कशॉपमध्ये जाड पत्र्याचे नळकांडे वळवून घेतले. व्यास पंच्याऐंशी सेंटिमीटर. ते खालच्या माजघरातून वरच्या खोलीत उभे केले. आत एक डबा. डब्याच्या कडेला ट्रॅक्टरच्या ट्यूबचे रबर, त्यामुळे हवा बाजूने निसटत नाही. गच्चीवर मोटर. ती नळकांड्यातली वरची हवा ओढते आणि खालची हवा डब्याला वर ढकलते. दोर नाही, साखळी नाही, खाली खड्डाही नाही. खड्डा असता तर कृष्णामाई पुरात आधी तिथेच उतरली असती.

आता कायद्याचे. लिफ्ट म्हणजे दोराला टांगलेला पाळणा. माझा डबा कशालाच टांगलेला नाही. तेव्हा ही लिफ्ट नव्हे आणि परवानगीचा प्रश्नच येत नाही. तसाच खुलासा दोघांच्या नावाने पाठवून देतो.

चाळीस मिनिटांचे म्हणशील तर, जोंधळ्याची दोन पोती ठेवून चाचणी घेत होतो. शेजाऱ्यांना कशाचेही निमित्त पुरते.

लीला बरी आहे. तुला नमस्कार सांगते.

आणि ताई, घराच्या वाट्याविषयी तुझ्या मनात काही असेल तर सरळ लिही. नोटिशीच्या आडून नको.

तुझा,
अनंत

*

सातारा, १६ मे १९९६

चि. अनंत यास आशीर्वाद.

वाट्याविषयीचे तुझे वाक्य मी दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचणार नाही.

खुलासा पाठवू नकोस. मी इथल्या एका वकिलांकडे बसून लिफ्टचा कायदा वाचला. लिफ्ट कशाला म्हणायचे ते तिथे सांगितले आहे. जी उभी वर-खाली जाते, जी यंत्रशक्तीवर चालते आणि जी माणसे किंवा सामान नेते, ती लिफ्ट. दोर असलाच पाहिजे असे त्या व्याख्येत नाही. तुझा डबा उभा जातो, मोटरवर चालतो आणि तुझ्याच लिहिण्याप्रमाणे जोंधळा नेतो. म्हणजे ती लिफ्ट आहे. वकील म्हणाले, "बाई, हा मुद्दा मला सुचला नसता." फी घेतली नाही.

तुझे गणितही करून पाहिले. डबा दीडशे किलो आणि माणूस ऐंशी किलो धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला चाळीस ग्रॅम दाब पुरे होतो. म्हणजे हवेच्या एकूण दाबाचा जेमतेम पंचविसावा भाग. कल्पना चूक नाही. हे मी तुला शाबासकी म्हणून लिहीत नाही. कल्पना बरोबर असली म्हणजे माणूस निष्काळजी होतो, म्हणून लिहिते.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. दोन पोती वर न्यायला अर्धा मिनिट लागावा. मोटर चाळीस मिनिटे का ओरडत होती?

लीलाला वेगळे पत्र टाकले आहे. तिला हा एकच प्रश्न विचारला आहे.

ताई

*

सांगली, २१ मे १९९६

ती. वन्संना सौ. लीलाचा सा. न.

अक्षर वाकडे आहे, माफ करा. उजवी बोटे अजून पेन धरतात, डावी नाही. तीन बैठकींत लिहिते आहे.

पोती नव्हती. मी होते.

अक्षय तृतीयेचा दिवस होता. त्याआधी मी दहा वेळा वर-खाली केले होते, काही झाले नाही. पण सणाला रीतसर सुरू करायचे म्हणून पूजा केली. आपली हरणाबाई तुम्हाला आठवत असेल, आटपाडीकडची, स्वयंपाकाला येते ती. ती म्हणाली, नव्या दाराला तोरण नको व्हय? लिफ्टला दोन दारे आहेत, एक खाली, एक वर. दोन्हींना तिने झेंडू आणि आंब्याच्या पानांची तोरणे बांधली. वरचे दार लावताना तोरणाचा दोरा आणि दोन पाने दाराच्या रबरात अडकली. तेवढ्या फटीतून हवा आत शिरू लागली.

मी आत स्टुलावर बसले. ह्यांनी खालून बटण दाबले. डबा सहा फूट वर गेला आणि थांबला. ना वर, ना खाली. मोटर किंचाळत होती.

वन्सं, हे वर्षभर मला सांगत होते, मोटर बंद पडली तरी डबा सावकाश खाली येतो, पिसासारखा. आणि त्या दिवशी बटणावर बोट ठेवून उभे राहिले, पण बंद करेनात. नंतर म्हणाले, गणित पोत्यांचं होतं, आत तू होतीस. मला त्यांचा राग आला नाही. पण चाळीस मिनिटे गेली.

डब्याला समोर काच आहे. मला सगळे दिसत होते आणि थोडे ऐकूही येत होते. हरणाबाई ओरडत होती, "आवं, बाईस्नी बरणीत घालून ठिवलंय की मुरंब्यावानी!"

हे म्हणाले, "हरणाबाई, गप्प बसा. मला मोटर ऐकू द्या."

"मोटर काय सांगतीय तुमास्नी? बाई काय सांगत्यात त्ये बगा की!"

मी सांगतच होते. वरून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता, त्यावरून मला कळले होते की तोरण अडकले. मी बोटाने सारखे वर दाखवत होते. ह्यांना वाटले, मी देवाचे नाव घेते आहे. त्यांनी हात जोडले. लग्नानंतर एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

शेवटी हरणाबाई जिन्याने वर पळाली आणि तोरण ओढून काढले. डबा आपसूक वर आला. तिने दार उघडले, मला पाहिले आणि म्हणाली, "गाडीला लिंबू-मिरची बांधाय पायजे हुती. तोरणानं भागत न्हाई."

तेव्हापासून मी वर गेलेली नाही. हे म्हणतात, पुन्हा तपासतो मग बघू. आणि आधीही बटणे खाली आणि वर भिंतीलाच होती, आत नव्हती. हे बाजारात गेले की मी जिथे असेन तिथे.

मागच्या पुरात तालमीतल्या चौघांनी मला खुर्चीसकट जिन्याने वर नेले. चांगली मुले. जिन्याच्या वळणावर एक म्हणाला, "काकी, श्वास धरून ठेवा, म्हंजे वजन हलकं लागतंय." मी धरला.

पाऊस तोंडावर आहे. तुम्ही लिफ्ट मोडायला सांगाल असे हे म्हणतात. मोडायची असेल तर मोडा. पण आधी एकदा मला विचारा.

आपली,
लीला

*

सातारा, २४ मे १९९६

चि. अनंत,

लीलाचे पत्र आले. तुझी जोंधळ्याची पोती आता सही करू लागली आहेत.

१. आजच्या आज गच्चीवरचा फ्यूज काढ. परवानगी मिळेपर्यंत लिफ्टमध्ये माणूस बसणार नाही, पोतेही नाही.

२. सोबत परवानगीचा अर्ज आहे. मालक म्हणून मी सही केली आहे. तू भर आणि तपासनिसांच्या हातात नेऊन दे.

३. दाराच्या फटीतून हवा शिरल्यावर काय होते ते कळले. वरचे दारच उघडे पडले तर काय होईल? हवा एकदम आत येईल आणि डबा दगडासारखा पडेल. पिसासारखा नव्हे. याला तुझ्याकडे काय उत्तर आहे?

४. खाली बटण आहे, वर बटण आहे. आत नाही. लिफ्ट कुणासाठी केलीस?

लिफ्ट मोडायला मी सांगितलेले नाही. माझ्या नावाने लीलाला काहीबाही सांगणे बंद कर.

ताई

*

सांगली, ३ जून १९९६

ती. ताईस सा. न.

चूक झाली. तुला खोटे लिहिले. लीलाला घाबरवले. त्या दिवशी बटण बंद करायला हात उठला नाही, त्याचे मला जास्त वाटते. आकडे माझेच होते.

फ्यूज काढला आहे. अर्ज दिला. काल तपासनीस येऊन गेले. इंद्रजित डुबल नाव, मूळचे उंब्रजचे, वय पस्तीसच्या आसपास, सरळ माणूस. माझा अर्ज हातात घेऊनच आत आले.

"मोडक, तुम्ही दोरांची संख्या शून्य लिहिलीय."

"हो."

"व्यास: लागू नाही. एक दोर तुटल्यास व्यवस्था: तुटण्यासारखे काही नाही. चेष्टा करताय काय?"

मी त्यांना नळकांडे दाखवले. ते आत डोकावले, वर पाहिले, खाली पाहिले, बाहेरून पत्र्यावर टकटक केली.

"मग हे लोंबकळतंय कशाला?"

"कशालाच नाही. खालून हवा ढकलते."

"हवा तपासायचं माझ्याकडं नाही. माझ्याकडं दोर तपासायचं आहे, ब्रेक आहे, दाराची कडी आहे, घंटा आहे. दोरच नाही तर मी पास कशाला करू? आणि नापास तरी कशाला करू?"

हरणाबाईने चहा आणला. तिने विचारले, "सायेब, मग काय ठरलं?"

"रकानाच नाही, मावशी."

"रकाना न्हाई म्हणून बाईंनी खालीच ऱ्हायाचं व्हय?"

त्यांनी चहा पूर्ण प्यायला. जाताना म्हणाले, नाकारतो असे आज लिहीत नाही, पण पंधरा दिवसांत काही ठोस पुढे आले नाही तर सील करावे लागेल.

माझी मती इथे संपली. दोर लावला तर ती माझी लिफ्टच राहत नाही. नळकांड्यात त्याला जागाही नाही.

अनंत

*

सातारा, ७ जून १९९६

चि. अनंत यास आशीर्वाद.

तपासनीस शहाणा आहे. चहा पिऊन नापास करता आले असते, केले नाही.

मी नियम पुन्हा वाचले. तू दोराकडे पाहतो आहेस. नियम करणाऱ्याने दोर आवडतो म्हणून दोर लिहिला नाही. धरून ठेवणारी गोष्ट सुटली तर माणूस पडू नये, एवढेच त्याला हवे होते. त्याच्या काळी धरून ठेवणारी गोष्ट दोर होती. तुझ्याकडे ती हवा आहे. तेव्हा हवा सुटली तर डबा आपोआप अडकला पाहिजे. ते करून दाखव.

डब्याच्या छतावर दोन बाजूंना दोन जाड ठोकळे बसव, मागे स्प्रिंग. वरची हवा कमी असेपर्यंत एखाद्या रबरी पडद्याने ते आत ओढलेले राहतील. हवा एकदम भरली की पडदा सैल पडेल, स्प्रिंग ठोकळ्यांना बाहेर ढकलेल आणि ते नळकांड्याला घट्ट बसतील. पडदा नेमका कशाचा करायचा ते तुला कळेल. तीस वर्षे तू पॅनच्या झडपांशीच झटापट केलीस.

आत बटण, आत घंटा, दार उघडे असताना मोटर सुरू होणार नाही अशी कडी. आणि ठोकळे सावकाश ढिले करणारी, आतून हाताने सोडायची एक झडप, म्हणजे अडकलेल्या माणसाला कुणाची वाट पाहावी लागणार नाही.

हे दहा दिवसांत कर. डुबलांना सतरा तारखेला सकाळी बोलाव. मी सोळाला येते. आधी वाळूची पोती, मग माणूस. माणूस मी असेन. तू नव्हे. तुझे वजन जास्त आणि धीर कमी. लीलाही नव्हे, तिच्यावर एकदा झाली तेवढी चाचणी पुरे.

माझ्या येण्याला सणासारखे काही करू नये. पुरणपोळी नको.

ताई

*

सांगली, १८ जून १९९६

मा. लिफ्ट तपासनीस यांस,

काल आपल्यासमोर झालेल्या चाचण्यांविषयी चाचणीत बसलेल्या व्यक्तीचे लेखी निवेदन आपण मागितले, ते देत आहे. मी, चारुशीला पानवलकर, वय सहासष्ट, वजन बासष्ट किलो, घराची सहमालक.

चाचणी एक: वाळूच्या पोत्यांनी दोन वेळा, मग मी. डबा मधोमध असताना वीज बंद केली. साडेदहा फुटांच्या अर्ध्यातून खाली यायला तेरा सेकंद लागले. टेकताना धक्का बसला तो बैलगाडीपेक्षा कमी.

चाचणी दोन: डबा वर जात असताना वरचे दार उघडणे, वाळूच्या पोत्यांनी तीन वेळा. पहिल्या वेळी डबा दीड फूट घसरला. आपण नापासाची खूण करण्यास पेन काढले. माझ्या भावाने एक तास मागितला, उजवीकडची स्प्रिंग बदलली. दुसऱ्या व तिसऱ्या वेळी डबा चार बोटे घसरून थांबला.

त्यानंतर मी आत बसले. आपण मला दोनदा विचारले की पोत्यांवर भागत असताना माणूस कशाला. माझे उत्तर तेच आहे. नंतर जिला बसायचे आहे ती पोते नाही.

डबा वर पोहोचण्याआधी वरचे दार आपल्या सूचनेवरून मुद्दाम उघडले गेले. मोठा आवाज झाला. डबा चार बोटे घसरला आणि अडकला. मला काही झाले नाही. चष्मा पडला, फुटला नाही. मी आतली झडप हाताने सोडून स्वतः खाली आले. बाहेर आले तेव्हा माझा भाऊ जमिनीवर बसला होता. त्याला पाणी देण्यात आले. याचा चाचणीशी संबंध नाही, पण आपण सर्व लिहायला सांगितले.

आपल्या फॉर्मात दोराचा रकाना आहे. तिथे मी स्वतंत्र कागद जोडला आहे. 'दोराऐवजी काय व ते सुटल्यास काय' असे त्याचे शीर्षक आहे.

चारुशीला पानवलकर

*

लिफ्ट तपासनीस कार्यालय
२९ जून १९९६

श्री. अनंत मोडक व श्रीमती चारुशीला पानवलकर यांस,

आपल्या लिफ्टची रचना प्रचलित नमुन्यांत बसत नाही. कायमच्या परवान्याचा निर्णय वरिष्ठांकडे पाठविला आहे. तोपर्यंत सहा महिन्यांसाठी वापरास खालील अटींवर परवानगी देण्यात येते.

घरातील व्यक्तींनीच वापरावी, एका वेळी एक. दर आठवड्यास ठोकळे व दारांचे रबर तपासून वहीत नोंद करावी. कोणत्याही दारास कोणत्याही प्रसंगी काहीही बांधू नये. लिफ्ट चालविण्याची जबाबदारी एका प्रौढ व्यक्तीवर असावी. सदर व्यक्तीची तोंडी परीक्षा मी स्वतः घेईन. नाव कळवावे.

इं. डुबल

*

सांगली, २ जुलै १९९६

ती. ताईस सा. न.

परवानगी आली! डुबलांच्या पत्राची प्रत तुला मिळालीच असेल. जबाबदार व्यक्ती म्हणून माझे नाव भरून ठेवले आहे, दोन-तीन दिवसांत नेऊन देतो. परीक्षेला अभ्यास नको, लिफ्ट माझ्या रक्तात आहे.

आयर्विन पुलाखाली पाणी चढते आहे. अजून भीती नाही.

अनंत

*

तार. सातारा, ४ जुलै १९९६

नाव खोड. लीलाचे लिही. चारुशीला.

*

सांगली, ९ जुलै १९९६

ती. वन्संना सौ. लीलाचा सा. न.

तुमची तार आली तेव्हा हे फॉर्म घेऊन निघालेच होते. वाचून चप्पल काढली आणि खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "ताईला काय कळतं? तुझ्या बोटांनी झडप सुटेल का?" मी म्हटले, बघू. डाव्या हाताने सुटली नाही. उजव्याने सुटली, तिसऱ्या खेपेला. मग ह्यांनी त्या झडपेचा दांडा लांब करून आणला. आता पहिल्या खेपेला सुटते, मनगटानेसुद्धा.

काल डुबलसाहेब आले. मला वाटले, बायकांची परीक्षा म्हणून सोपे विचारतील. तसे नाही. त्यांनी ह्यांना आणि हरणाबाईला बाहेर काढले आणि दार लोटून घेतले. हरणाबाई दारामागेच उभी होती, तिचा पदर दिसत होता.

"मोटर मध्येच बंद पडली तर?"

"बसून राहायचं. खाली येतं."

"वरून शिट्टीसारखा आवाज आला तर?"

"रबरात काहीतरी अडकलंय. बटण सोडायचं, वर जायचा हट्ट करायचा नाही."

"हे फॉर्मात नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चाळीस मिनिटं ऐकलंय."

त्यांनी ते लिहून घेतले. मग विचारले, "डबा अडकला आणि तुम्ही घाबरलात तर?"

"घाबरले तरी झडप तेवढीच सुटते आणि डबा त्याच वेगानं खाली येतो."

त्यांनी तेही लिहून घेतले. मग म्हणाले, "पूर आला आणि वीज गेली तर वर कशा जाणार?"

मी म्हटले, "पाणी आपल्या अंगणात यायला पुलाखालच्या खुणेपासून सात-आठ तास लागतात. मला वर जायला बावीस सेकंद. मी आधी जाईन."

"यजमान घरी नसले तर?"

"तरी जाईन."

त्यांनी सही केली. दारामागून हरणाबाई म्हणाली, "झाल्या का बाई पास? सायेब, कितवा नंबर?"

"एकच उमेदवार होता, मावशी."

"मंग पयलाच की!"

किल्ली आणि फ्यूज मात्र अजून ह्यांच्या खिशात आहेत. देतो म्हणतात. काल म्हणाले, आज म्हणाले. आज पुलाखालचे पाणी आणखी दोन हात चढले. मी मागितली तर देतील, पण मला मागायची नाही. तुम्हाला कळवले, एवढेच.

लीला

*

सातारा, ११ जुलै १९९६

चि. अनंत,

सोबत एक कागद आहे. यादी मी केली आहे, वेळ आणि शेरा तिथेच लिहा. तुझी सही, तिची सही, हरणाबाईचा अंगठा, आणि रविवारपर्यंत प्रत मला. कारण विचारू नकोस.

ताई

*

नोंद: दिले-घेतले

सांगली, रविवार, १४ जुलै १९९६, सकाळी साडेआठ. पाऊस चालू.

देणार: श्री. अनंत मोडक. घेणार: सौ. लीला मोडक.

१. लिफ्टच्या दोन्ही दारांच्या किल्ल्या, प्रत्येकी दोन. आणखी प्रत राखून ठेवलेली नाही.

२. गच्चीवरच्या मोटरचा फ्यूज, एक. हरणाबाईने सौ. लीला यांच्या सांगण्यावरून बसवला.

३. साप्ताहिक तपासणीची वही. पहिल्या पानावर चालक म्हणून सौ. लीला यांचे नाव.

४. सहा महिन्यांच्या परवानगीचे पत्र, मूळ प्रत.

५. खालचे व वरचे अशी भिंतीवरची दोन बटणे. दोन्ही काढून एका छोट्या पेटीत ठेवली, लिफ्टच्या आतले तेवढे राहिले. पेटी सौ. लीला यांच्याकडे.

शेरा: किल्ल्या घेतल्यावर सौ. लीला एकट्या आत बसल्या व बावीस सेकंदांत वर गेल्या. वर त्या एकोणीस मिनिटे थांबल्या. कुणी हाक मारली नाही. नंतर आपणहून खाली आल्या.

सही: अनंत मोडक
सही: लीला मोडक (उजव्या हाताने)
साक्ष: हरणाबाई, डावा अंगठा